उंदीर आणि मेथी

पॅरिसच्या अकराव्या विभागात नॅचरल वाइनचे बार पावलोपावली आहेत. तिथे नोकरी करणारी माझी मैत्रीण मला त्यातल्याच एकात घेऊन गेली. पहिला ग्लास लाल, गढूळ. वास छान. घोट गिळला आणि चार-पाच सेकंदांनी घशातून उंदरांचा वास वर आला, माळ्यावरचं जुनं पोतं झटकल्यावर येतो तसा. मैत्रीण मात्र मजेत पीत होती. "अगं, मला तर काहीच लागत नाहीये!" काउंटरवरचा पोरगा खांदे उडवून म्हणाला, नॅचरल वाइन अशीच असते.

नसते. हा सरळसरळ दोष आहे आणि वाइन करणारेही त्याला घाबरून असतात. वाइनच्या आंबटपणात तो दबून राहतो, म्हणून नाकाला कळत नाही. लाळेत मिसळून आंबटपणा कमी झाला की उसळतो. तोंडातली आम्लता माणसागणिक वेगळी, त्यामुळे एकीला मळमळावं आणि दुसरीला पत्ताही नसावा, असं होतं. आम्ही दोघीही खरंच बोलत होतो. गंधक न घातलेल्या वाइनमध्ये हा धोका जास्त. तेव्हा अशा बारमध्ये आधी घोटभर चाखायला मागा, गिळा, दहापर्यंत मोजा आणि मगच ग्लास भरू द्या. दोघं असाल तर दोघांनीही चाखा.

गढूळपणाला मात्र घाबरू नका, तो गाळलेली नसल्याचा. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला तर ग्लास गोल फिरवत थोडं थांबा, बहुतेक वेळा तो उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास जात नाही, तो बुचातून आलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा झणका किंचित असला तर चालवून घेणारे आहेत; मी नाही. शेवटचे दोन आले तर बिनदिक्कत परत करा.

त्या संध्याकाळी परत करण्याची वेळ आली ती भलत्याच ग्लासवर. ज्युरा प्रांतातली 'व्हँ जोन' आली, सोनेरी पिवळी. मैत्रिणीने हुंगली आणि म्हणाली, "ही नक्की खराब झालीये, मेथीच्या लाडवाचा वास येतोय." मी तिचा हात धरला. साव्हान्यँ द्राक्षांची ही वाइन पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ राहते, आणि उडून कमी झालेली वाइन पुन्हा भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत यीस्टची पातळ साय धरते, तिच्याखाली ती मुरते. लिटरभरातून जेमतेम ६२० मिलिलिटर उरते असं धरून तिची बुटकी बाटलीही तेवढ्याच मापाची असते. आणि मेथी? मैत्रिणीचं नाक पक्कं होतं. सोटोलॉन नावाचं जे द्रव्य मेथीदाण्याला वास देतं, तेच या वाइनमध्ये तयार होतं. अक्रोड आणि कोंते चीज मागवलं, आणि ग्लास परत करायला निघालेल्या बाईसाहेबांनी माझ्या वाट्याचीही संपवली.

जुनी वाइन मागवायची तर एवढं नक्की विचारा: बाटली आज उघडली की चार दिवसांपूर्वी? व्हँ जोन उघडल्यावर बरेच दिवस टिकते, मदेरा तर त्याहून जास्त. पण वीस-तीस वर्षांची साधी लाल वाइन हवा लागली की कधी कधी तासाभरात बसते, म्हणून ग्लासने विकत असतील तर सावध. क्रमही सांभाळा: हलक्या आणि ताज्या आधी, व्हँ जोन सगळ्यांत शेवटी, कारण तिच्यानंतर दुसरं काही जिभेला कळतच नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेतोद नाचूर' अशी खूण बाटलीवर दिसू लागली आहे. सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, बाहेरचं यीस्ट नाही. गंधक अजिबात घातलेलं नाही किंवा लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, आणि या दोन प्रकारांच्या खुणा वेगळ्या. ती खूण पद्धतीची हमी देते, चवीची नाही. बाटलीत उंदीर आहे की नाही हे चाखूनच कळतं.