विटेचं बिल आणि देणगीची पावती

कोल्हापुरात मी १९९६ पासून घरं बांधतो. आमची सगळ्यात मोठी इमारत सहा मजल्यांची. कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करण्याची जी सक्ती आहे, ती आमच्यासारख्या लहान माणसाला लागू होत नाही. पण घरं बांधणाऱ्याच्या दारात तालमीची वर्गणी, शाळेचं कुंपण, गावच्या स्मशानशेडचे पत्रे, रक्तदान शिबिराचा मांडव हे सगळं कायद्याच्या आधीच येऊन उभं राहतं. मी देत आलो. चुकीच्या जागी दिलं, चुकीच्या वेळी दिलं, काही वेळा बरोबरही दिलं. तरुण बांधकाम व्यावसायिक विचारतात, म्हणून जे शिकलो ते लिहितो.

१. आधी उधारी, मग देणगी

२००३ साली मी एका शाळेच्या सभागृहाला ५१,००० रुपये दिले. पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले अण्णा ऑफिसात आले. आमच्या इमारतीची चेंबरची झाकणं आणि जाळ्या त्यांनी ओतून दिल्या होत्या, आणि त्यांचं ३८,००० रुपयांचं बिल पाच महिने माझ्या टेबलावर पडून होतं. त्यांनी फोटोचा विषय काढला नाही. एवढंच म्हणाले, “साहेब, झाकणांचं बिल कधी निघंल तेवढं सांगा. म्हंजे मी बी पोरांना तसं सांगीन.” त्यांच्याकडे सहा पोरं कामाला होती आणि पगाराचा शनिवार दोन दिवसांवर आला होता.

त्या दिवशी दुपारी चेक दिला. पण मनाला लागलं ते वेगळंच. फ्लॅटधारकाचा हप्ता स्लॅबगणिक येतो. तो लांबला की आम्ही कुणाला थांबवतो? सिमेंटवाला थांबत नाही, सळीवाला थांबत नाही, बँक तर नाहीच. थांबतो तो फाउंड्रीवाला, ग्रिलवाला, सुतार, वीटभट्टीवाला. म्हणजे इमारतीतला सगळ्यात गरीब माणूस बिनव्याजी पैसे घालून ती उभी करतो. भंगार त्याला रोखीनं घ्यावं लागतं, विजेचं बिल तारखेला भरावं लागतं, आणि आपण त्याच्या पैशातून शाळेला देणगी देतो. मी दिलेल्या ५१,००० तले ३८,००० अण्णांचेच होते.

तेव्हापासून लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही, हा ऑफिसचा नियम. पुढे २००६ च्या कायद्यानं हीच मुदत घातली आणि २०२३-२४ पासून तर आयकरातही ती आली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. कायद्याची वाट कशाला बघायची? देणगीच्या चेकवर सही करण्याआधी अकाउंटंटकडून देण्यांची यादी मागवा. मी आजही मागवतो.

२. शेजारचा माल घ्यायचा, पण त्याला खरं सांगून

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, आणि १९०६ मध्ये कापडाच्या गिरणीचा पाया घातला. व्यापार, शिक्षण, कारखाना ही त्यांनी तीन वेगळी कामं मानली नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला हे निराळं शिकवावं लागू नये.

आमच्या गावात फाउंड्र्या खूप, त्यामुळे साच्यातली वापरून जळालेली काळी वाळूही खूप. ती कुठे टाकायची ही कारखानदाराची डोकेदुखी. मला पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक हवे होते. एका ब्लॉकवाल्याला बरोबर घेऊन वाळूच्या काही हिश्श्याऐवजी ही काळी वाळू घालून ठोकळे पाडले आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाबून पाहिले. पहिल्या दोन मिश्रणांचे ठोकळे कमी भरले, तिसरं पास झालं. त्या ब्लॉकवरून आज चारचाकी जातात. प्रयोगशाळेचा कागद हातात आल्याशिवाय मात्र एकही ब्लॉक बसवला नाही. जवळचा आहे म्हणून कच्चा माल चालवून घेतला तर फसतो तो घर घेणारा.

भट्टीच्या विटांचं जास्त अवघड गेलं. हलके सिमेंट ब्लॉक आले. वजनाला विटेच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे इमारतीवरचा भार उतरतो, लोखंड वाचतं, बांधकाम उरकतं. वरच्या मजल्यांना ते वापरणं बरोबर आहे, हे इंजिनिअर म्हणून मला नाकारता येईना. पण भट्टीवाल्या मामांकडून मी पंधरा वर्षं वीट घेत होतो. दिवाळीनंतर भट्टी लागते, त्याआधीच मजुरांना उचल द्यावी लागते. ऐन हंगामात ‘नको’ म्हटलं असतं तर मामा बुडाले असते. म्हणून दोन हंगाम आधी जाऊन सांगितलं की एवढी वीट यंदा घेईन, एवढी पुढच्या वर्षी, त्यानंतर फक्त जोत्याला आणि कंपाउंडला. मामा गप्प बसले, मग चहा सांगितला. त्यांनी पुढे एक भट्टी बंद करून तिथे ब्लॉकचा डेपो टाकला. सगळ्यांना असं जमलं नाही, हेही मला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईट वाटतं.

३. साइटवरचं मूल ही साइटचीच जबाबदारी

२००८ सालची गोष्ट. जमिनीखालच्या टाकीत क्युरिंगसाठी चार फूट पाणी भरून ठेवलं होतं. तीन वर्षांची एक मुलगी काठावर उकिडवी बसून आत दगड टाकत होती. आई तिसऱ्या मजल्यावर घमेली वाहत होती. एका गवंड्यानं थापी टाकून धाव घेतली आणि पोरीच्या झग्याला हात घातला. मी समोरच्या बाजूला होतो. पोहोचलो नसतो.

बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात तेव्हा पाळणाघराचं कलम होतं, पण साइटवर पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असतील तरच. आमच्या साइटवर आठ, फार तर दहा बायका. म्हणजे मूल टाकीत पडलं असतं तरी पाळणाघर नव्हतं म्हणून मला कुणी विचारलं नसतं.

मी पुण्याला जाऊन आलो. तिथे डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था साइटवरच्या मुलांना शिकवतात, ते काम पाहिलं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या तान्ह्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली, हे तिथेच कळलं. परत आलो आणि आमच्याच भागात कामं चालू असलेल्या दोघा बांधकामवाल्यांना भेटलो. तिघांच्या मिळून सव्वीस बायका आणि एकोणीस मुलं. मध्यावर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. निवृत्त बालवाडी शिक्षिका मिळाल्या, आणि मदतीला कन्नड बोलणाऱ्या एक मावशी, कारण निम्मी कुटुंबं विजापूरकडची.

शिकण्यासारखं पुढेच होतं. आम्ही पाळणाघर पाचला बंद करायचो आणि साइट सुटायची साडेसहाला. दीड तास मुलं पुन्हा वाळूच्या ढिगावर. वेळ बदलली. मग लक्षात आलं की अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आया येतच नाहीत. विचारलं तर एकीनं मान खाली घालून सांगितलं, “पाजायला गेलं की मुकादम अर्धा तास कापतोय.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वेळा पाजायला जाण्याची मुभा, पगार न कापता, हे वाक्य मजूर ठेकेदाराच्या करारात घातलं. खोल्या भाड्यानं घेणं सोपं होतं. खरं पाळणाघर त्या एका वाक्यानं सुरू झालं.

इमारत संपली की कुटुंबं पांगतात आणि मुलांची शाळा सुटते. त्यावर पुरता उपाय माझ्याकडे नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना निघताना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते घेतल्याशिवाय कुटुंब हलू द्यायचं नाही, एवढं आमचा सुपरवायझर पाहतो.

४. सेस भरला म्हणजे काम झालं नाही

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आपण भरतो. तो मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि त्यातून मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात कुटुंबाला आधार अशा योजना चालतात. पण मजुराची नोंदणी असेल तरच. नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणारे लोक अनेकदा टाळतात. सही केली तर उद्या अंगाशी येईल, अशी भीती. मीही सुरुवातीची वर्षं टाळलं. आमचा एक सेंटरिंगवाला दुसरीकडच्या कामावर पडून गेला आणि नोंदणी नसल्यानं त्याच्या बायकोच्या हाती मंडळाकडून काही आलं नाही. तो माझ्याकडे चार वर्षं होता. माझी एक सही त्याच्याकडे असायला हवी होती.

आता हजेरीपट नीट ठेवतो. नव्वद दिवस भरले की दाखला मागावा लागत नाही.

५. जे आपल्याला येतं ते द्या

गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात शाळेला मुलींची स्वच्छतागृहं बांधून दिली. चांगल्या टाइल्स, पक्कं छत. दोन वर्षांनी गेलो तर कुलूप, कारण पाणीच नव्हतं. बोअरची चौकशी मी केली नव्हती, वरच्या टाकीला पाइप कुठून येणार हे विचारलं नव्हतं. फ्लॅट विकताना पाण्याची लाइन आधी बघणारा मी, शाळेला देताना विसरलो. ज्या मुली मोठ्या झाल्यावर शाळा सोडतात त्यांच्यासाठी ते बांधलं होतं.

आता पैसे कमी देतो, मोजमाप जास्त देतो. गावानं बांधायचं ठरवलं की आमचा इंजिनिअर जाऊन उतार बघतो, अंदाजपत्रक करून देतो, स्लॅबच्या दिवशी हजर राहतो. पाच वर्षं दर उन्हाळ्यात प्लंबर पाठवायचं, हे देणगीतच धरलेलं असतं. मोठ्या पाटीची मागणी मी करत नाही. त्या पाटीच्या पैशात दोन नळ येतात.

६. पूररेषेत बांधून पूरग्रस्तांना चादरी वाटू नयेत

हे लिहायला जड जातं. २००४ मध्ये एका पायाचा राडारोडा आम्ही ओढ्याकाठच्या सखल शेतात टाकला. जमीनमालकालाही भराव हवा होता. उंच झाली की भाव येतो. २००५ च्या पावसात ओढ्याचं पाणी त्या भरावाला अडून शेजारच्या गल्लीत शिरलं. एका घरातली कणगी भिजून फुटली. त्या गल्लीत मी धान्य वाटायला गेलो होतो, आणि लोकांनी मला हात जोडले.

निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. कागदावर शंभर लिहिलंय म्हणून पंचगंगा थांबत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांमध्ये फक्त दोन वर्षांचं अंतर होतं. निळ्या रेषेच्या आत मी जागा बघायलाही जात नाही. लाल रेषेच्या आत नियम जोतं उचलून बांधायला परवानगी देतात, पण आपलं जोतं उचललं की ते पाणी कुणाच्या दारात जातं, हे आधी पाहावं लागतं. दोन चांगले व्यवहार त्यामुळे सोडले.

७. पुरात घरं बांधणाऱ्यानं घरांकडे बघावं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना, यावरून अंदाज यावा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर आम्ही बिस्किटं, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या घेऊन चिखली-आंबेवाडीकडे गेलो. वाटेत जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. एका आक्कानं ट्रक पाहिला आणि म्हणाली, “खायला लै आलंय ओ. घरात गुडघाभर चिखल हाय, तो काढायला कोण असलं तर बघा की.”

तो चिखल काढायची सगळी साधनं माझ्या गोदामात पडून होती. पाणी उपसायचे पंप, फावडी, घमेली, हातगाड्या, आणि पावसामुळे काम थांबल्यानं रिकामे बसलेले चाळीस लोक. दुसऱ्या दिवशी तेच नेलं. बरोबर वायरमन नेले, कारण ओल्या बोर्डात लाइट चालू करायची घाई सगळ्यांना असते.

त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या दिवशी उमजली. मातीच्या भिंती पाण्यात असताना कधी कधी उभ्या राहतात. पाणी उतरून त्या वाळायला लागल्या की बसतात. लोक नेमके तेव्हाच घरात परतत होते. आमच्या इंजिनिअर पोरांच्या जोड्या केल्या. प्रत्येक घराचे कोपरे, तुळईखालचे टेकू, भिंतीला आलेलं पोट, जोत्याखालची धुपलेली माती बघायची आणि दारावर कागद चिकटवायचा: हिरवा म्हणजे राहा, पिवळा म्हणजे टेकू लावून मग राहा, लाल म्हणजे आत जाऊ नका. पडलेली भिंत उचलण्याआधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागेल, हे प्रत्येक घरात सांगायचं. लाल कागद लावताना पोरांचे हात थरथरायचे. एका म्हाताऱ्या आजोबांनी तो कागद दोनदा फाडला. तिसऱ्यांदा पोरगा त्यांच्याजवळ तासभर बसला, आणि मग दोघांनी मिळून आतली भांडी बाहेर काढली. त्या रात्री ती भिंत रस्त्याच्या अंगाला पडली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा पंपांची यादी तयार होती. आता दर वर्षी मेअखेर सगळे पंप सुरू करून बघतो, वायरमनचे नंबर तपासतो, आणि तिन्ही रंगांचे कागद छापून गोदामात टांगून ठेवतो. यंदा ते काम आजोबांजवळ तासभर बसलेल्या त्याच पोराकडे दिलंय.