प्लेगनें शिकविलेला धडा

बोरघाट चढून लोणावळ्यास येणारी आगगाडी पाहून आपणांस मौज वाटते. परंतु १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां याच लोहमार्गानें भयभीत माणसें मावळांतून पुण्याकडे लोटलीं, व मागोमाग रोगही आला.

फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें साथरोगांचा कायदा केला. पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोरे सोजीर घरोघर झडती घेऊं लागले. देवघरेंही सुटलीं नाहींत. लोक रोगापेक्षां झडतीसच अधिक भिऊन रोगी लपवूं लागले. २२ जून रोजीं रँड यांजवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले मात्र रुग्णांची शुश्रूषा करितां करितां प्लेगनेंच निवर्तल्या.

खरा अपराधी कोण? उंदराच्या अंगावरील पिसू! १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत तें दाखविलें. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेंतील संशोधनानें त्यास पुष्टि मिळाली. म्हणजे सक्ती आधीं, ज्ञान मागाहून!

२०२० सालीं कोरोनाच्या वेळीं त्याच कायद्याचा आधार घेतला गेला. विद्यार्थीमित्रहो, आरोग्याचा नियम पाळाच. परंतु तो कोणत्या ज्ञानावर उभा आहे, हेंही विनयानें विचारा. ज्ञान व लोकांचा विश्वास यांवांचून कायदा पांगळा होय.