महानस आणि अंगणवाडी : अन्नरक्षणाचा एक पाठ

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील पहिला अध्याय आपण सर्वांनी अगदतंत्र शिकताना वाचलेला आहे. परीक्षेसाठी तो विषलक्षणांपुरता लक्षात राहतो : सविष अन्न अग्नीत टाकले असता होणारा तडतडाट, मोराच्या कंठाच्या रंगाची ज्वाला, माश्या-कावळ्यांवर होणारा परिणाम. त्याच अध्यायातील महानसाचे वर्णन मात्र बहुधा विस्मरणात जाते. स्वयंपाकघर योग्य दिशेस व योग्य जागी बांधलेले, प्रशस्त, जाळीदार गवाक्षांचे असावे. भांडी स्वच्छ असावीत. तेथे पारखून घेतलेल्या स्त्री-पुरुषांनीच वावरावे. सेवकांनी स्नान केलेले असावे, केस व नखे कापलेली असावीत, डोक्यास वस्त्र बांधलेले असावे. आणि या महानसावर वैद्याची नेमणूक असावी.

हे सर्व राजासाठी सांगितलेले आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत काम करणाऱ्या वैद्यबंधूंनी तो अध्याय आता अंगणवाडीसाठी वाचावा, असे आम्ही सुचवितो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना, म्हणजे आपल्या परिभाषेत अन्नाद वयातील बालकांना, अंगणवाडीत गरम शिजविलेला आहार दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये या पुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवण्याचा आदेश दिला. त्यामुळे गावातील स्त्रियांच्या हातच्या स्वयंपाकास महत्त्व आले. कोठे बचत गट शिजवितो, कोठे मदतनीस. मदतनीस मुलांना घरून आणते, झाडते, पाणी भरते, लहानग्यांची शी-शू आवरते आणि त्याच हातांनी चूलही पेटविते. सेविकेच्या मानाने तिचे प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचे असते. बालकाच्या ताटाशी जिचा हात सर्वांत जवळ, तिलाच सर्वांत कमी शिकविले जाते, ही व्यवस्था आम्हांस उलटी वाटते.

कुपोषित बालकाच्या बाबतीत याचा परिणाम गंभीर होतो. अग्नी आधीच मंद, बल क्षीण. अशा वेळी अतिसाराचा एक झटका येऊन गेला की महिनाभर दिलेल्या आहाराने वाढलेले वजन आठवड्यात उतरते. मग पुन्हा अरुची, पुन्हा संसर्ग. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांवर जाणाऱ्या वैद्यास हे चक्र सांगावे लागत नाही.

आता खिचडीचे उदाहरण घेऊ. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजविल्यावरही टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात व विष निर्माण करतात. वांती घडविणारे हे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा गरम केलेले अन्न त्याज्य अन्नात गणले आहे. त्या नियमाचे महत्त्व येथे नव्याने ध्यानात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच सूत्रांतही शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच ठेवू नये व वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सियसच्या वर असावे, असे सांगितले आहे. अंगणवाडीत तापमापक कोठून येणार? वाफ दिसत असेतो वाढावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये, एवढे सांगणे पुरे.

मुलांना वाढण्यापूर्वी चव घेण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तिच्यावर विसंबू नये. जंतुदूषित अन्न बहुधा चवीला नेहमीसारखेच लागते. अग्निपरीक्षेतही ते पकडले जाणार नाही. रासायनिक विषाचा प्रकार निराळा. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे जुलै २०१३ मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. भातशेतीच्या गावात औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरणे नवे नाही. तेलाचा डबा कोणता, तो पूर्वी कशाचा होता, हे वैद्याने स्वतः पाहावे.

कायदाही याच दिशेने बोलतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ हा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि त्याखालील नियमांच्या अनुसूची ४ मध्ये जागा, पाणी, भांडी व कामगारांची स्वच्छता यांचे नियम आहेत. जुलाब लागलेल्या वा हातावर पिकलेली जखम असलेल्या व्यक्तीने अन्न हाताळू नये, हा त्यांतील महत्त्वाचा भाग. पण मदतनीस आजारी पडल्यास शिजवायचे कोणी, हे आधी ठरलेले नसेल तर ती तशीच कामावर येते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

पाण्याविषयी थोडे अधिक. तानसा व भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. साठवलेले पाणी, उघडा पिंप, आत बुडणारा हात : दूषण येथूनच सुरू होते. दांड्याचे ओगराळे व झाकण यांनी बरेच साधते. १००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकावी व तासभर थांबावे. पिशवी उघडी राहिल्यास पावडरीची शक्ती जाते. पावसाळ्यात तर लवकरच. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्यास सांगावे.

प्रशिक्षणासाठी निराळी सभा भरविण्याची गरज नाही. पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकीत एक तास मागून घ्यावा आणि मदतनिसांना व बचत गटाच्या स्त्रियांनाही बोलवावे. व्याख्यान देऊ नये. परातीत हळदीचे पाणी घेऊन प्रत्येकीस हात बुडविण्यास सांगावे, नंतर नुसत्या पाण्याने व मग साबणाने धुवावयास लावावेत. नखांच्या कडेला राहिलेला पिवळेपणा त्या स्वतःच दाखवितात. त्यानंतर नखे कापण्याविषयी फारसे बोलावे लागत नाही. अंडी उकळण्यापूर्वी धुणे, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवणे, धान्याची कोठी जमिनीपासून उंच ठेवणे या गोष्टी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभे राहून दाखवाव्यात.

पहिला तास वैशाखात घ्यावा. ज्येष्ठात पहिल्या सरींबरोबर उतारावरची घाण विहिरींत उतरते, आणि डोळखांब किंवा टोकावड्याकडील दूरच्या पाड्यांवर एकदा पाऊस लागला की आषाढात पोहोचणे अवघड होते.