गोडी आहे तोवर कागद करा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते खरंच. पण पायरी टळते ती ज्याचे कागद जागच्या जागी आहेत त्याची. वाडीच्या गुंठ्याला भाव आला तशी एका ताटात जेवलेली भावंडं वकिलाच्या बाकावर पाठ फिरवून बसलेली मी पाहिली. म्हणून पोरांनो, घरात गोडी आहे तोवर लिहून घ्या. भांडण लागल्यावर साधी सहीसुद्धा मिळत नाही.

वारसनोंद लांबवू नका. माणूस गेला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्या. तो नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. ही नोंद महसुलापुरती. मालकी ठरते ती मूळ दस्तावरून आणि वारसाहक्कावरून. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहिलं, तर पुढे चौदा वारस गोळा करत फिरावं लागतं आणि त्यातले दोघे दुबईला असतात.

बहिणींना सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्का’त ढकलू नका. हिंदू घरात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, तोही जन्मापासून. 2005 साली हा कायदा बदलला तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा कायदा वेगळा. तिथे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना सारखं. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी करूनच घ्या. तिला जे द्यायचं ते बँकेतून द्या. राखीपौर्णिमेच्या साडीवर वाडी मागू नका.

मृत्युपत्र म्हातारपणाची वाट बघत नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते वयाने तुमच्यापेक्षा लहान असावेत आणि त्यांना त्यातून काही मिळणार नसावं. ख्रिस्ती मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला दिलेलं दान रद्दच होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून टाकलेली बरी. ‘माझी वाडी थोरल्याला’ एवढ्यावर भागवू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा घाला. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या, बावखलातला म्हणजे वाडीच्या तळ्यातला वाटा, मागच्या केळीत जायची वाट, हेही लिहा. भांडणं जमिनीपेक्षा वाटेवरून जास्त होतात. वहिवाटीची वाट कुणी अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जा. पुढे तो रस्ता बंद.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांच्या पश्चात घरातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही. सोसायटीतही वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. म्हणून नॉमिनी लावा आणि मृत्युपत्रही करा.

जिवंतपणी घर नावावर करताना सांभाळून. मुलाला बक्षीसपत्र द्यायचं तर ‘मला आणि तुझ्या आईला शेवटपर्यंत सांभाळशील’ ही अट त्याच कागदात लिहा. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताकडे दाद मागता येते. तोंडी वचनावर तिथे फार जोर चालत नाही.

आता धंद्याचं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरेत गाळा घ्यायचा तर करारनाम्याआधी जमिनीचा सातबारा आणि बांधकाम परवानगी पाहा. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, त्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. संसार मात्र रस्त्यावर आले.

मित्राबरोबर भागीदारी असेल तर भागीदारीपत्र करा आणि फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटीचं येणं मागायला दावा लावता येत नाही. एक भागीदार गेला तर पुढे काय, तेही लिहा. नाहीतर त्याच दिवशी भागीदारी संपते.

उधारी तीन वर्षांत वसूल करा, नाहीतर मुदतबाह्य. बाकी कबूल असल्याचं गिऱ्हाईकाकडून मुदतीच्या आत लिहून घेतलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. लहान कारखानदाराने ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. माल घेणाऱ्याने 45 दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, समोरच्याला 15 दिवस, मग महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. ‘पुढच्या सोमवारी देतो’ ऐकत बसलात तर हे दिवस निघून जातात. समोरच्यालाही ते माहीत असतं.

एवढं करूनही भांडण झालंच, तर लोकअदालतीत बसा. कोर्टाची फी परत मिळते, संबंधही थोडेफार वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा तडजोडीचा मसुदा आधी घरी आणा, बायकोला वाचायला द्या, बहिणीलाही दाखवा, आणि मगच सही करा.