तो फोटो जुलैचा होता

"काका, सप्टेंबर एकदम बेस्ट! गर्दी नाही, रेट कमी, आणि नशिबात असेल तर नॉर्दर्न लाइट्स बोनस!"

आमच्या टूरवाल्या साहेबांचं हे वाक्य मला आता पाठ झालं आहे. ते बोलत असताना टेबलावर अलास्काचं चकचकीत माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर मेंडेनहॉल हिमनदी, वर निळंशार आकाश, पुढे गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे. मी म्हटलं, लेक सिॲटलला आहे, ती म्हणते जूनमध्ये या. साहेब हसले. "जूनमध्ये सगळं जग तिथे असतं, काका. तुम्ही गणपती उरकून निघा. माणशी 40 हजार वाचतील." हा आकडा ऐकून पुण्याचा माणूस जे करतो तेच मी केलं.

आधीच कबूल करतो की हिला ट्रिप आवडली. जहाजावर सात दिवस चहा कोणीतरी हातात आणून देत होतं, एवढं तिला पुरलं. त्यामुळे घरात माझ्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

तिसऱ्या दिवशी जहाज जुनोला लागलं. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं होतं, त्यासाठी सहा महिने आधी पैसे भरले होते. नाश्त्याच्या टेबलावरच निरोप आला की ढग खाली आहेत, उड्डाण रद्द. खिडकीतून पाहिलं तर बंदरामागचा डोंगर कोणी सुरीने मधोमध कापल्यासारखा दिसत होता. वरचा अर्धा गायब. मग बसने मेंडेनहॉलला गेलो. तिथे वाटेवर आमच्या गाइड मुलीने एक वाळकं रोप दाखवलं. तांबूस दांडा, फुटलेल्या शेंगा आणि त्यातून उडणारा पांढरा कापूस, थेट रुईच्या बोंडातून म्हाताऱ्या उडतात तसा. म्हणाली, हे फायरवीड. याची फुलं दांड्यावर खालून वर उमलत जातात. शेंड्याचं फूल उमललं की उन्हाळा संपला, असं इथले लोक मानतात. जुलै-ऑगस्टमध्ये आला असतात तर हे सगळं गुलाबी दिसलं असतं.

मी सॅकमधून माहितीपत्रक काढलं. हिमनदी तीच, पुढचा खडक तोच. फोटोतली फुलं दांड्याच्या जेमतेम निम्म्यापर्यंत चढलेली होती. म्हणजे फोटो जुलैचा! त्या पावसात मी किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे, ही छत्री घेऊन आली तेव्हा हातातला कागद भिजून लगदा व्हायला आला होता. कासचा बहर गेल्यावर तिथे जाणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर हसत आलो. डिसेंबरात कासला जाऊन "फुलं कुठे आहेत?" विचारणारा माणूस त्या दिवशी मी स्वतः होतो, तेही साता समुद्रापार, डॉलर मोजून.

दुसऱ्या दिवशी ग्लेशिअर बे. तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना प्रवेश असतो, पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, सगळं शिस्तीत. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी ही अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती. ते बर्फ शंभर किलोमीटरहून जास्त मागे हटलं आणि आज त्याच वाटेने जहाजं आत जातात. मार्जरी हिमनदी समोर आली तेव्हा धुकं होतं. वीसेक मिनिटं पडदा वर गेल्यासारखा झाला आणि निळं बर्फ दिसलं. आभाळ भरलेलं असताना बर्फाचा निळा रंग जास्त खुलतो, हे खरं आहे. रेंजरने ते सांगितलं तेव्हा मला ती साहेबांचीच माणूस वाटली, एवढं माझं डोकं फिरलेलं होतं. आणि ऐका: "ग्लेशिअर राइट साइडला येतं" म्हणून उजवीकडच्या बाल्कनीचे जादा पैसे आमच्याकडून घेतले होते. जहाज हिमनदीसमोर थांबून सावकाश पूर्ण वळतं. दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं!

केचिकनची गोष्टच वेगळी. धक्क्याजवळ गावाने पाऊस मोजणारा भलामोठा फलक उभारला आहे. 1949 साली तिथे 202 इंच पाऊस पडला, हे त्यावर अभिमानाने लिहिलं आहे. वर्षाची सरासरी सुमारे दीडशे इंच, म्हणजे आपल्या पुण्याच्या पाचपट. दक्षिण-पूर्व अलास्कात सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात जास्त पावसाचे महिने, आणि एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे. आपला पावसाळा संपवून आम्ही त्यांच्या पावसाळ्यात जाऊन पडलो होतो. गावातल्या ओढ्यावर सामन मासे बघायचे होते. अंडी घालून झाल्यावर सामन मरतात, त्यामुळे काठाला मेलेल्या माशांचा खच आणि ससून डॉकला लाजवेल असा वास. नाकाला पदर लावून ही म्हणाली, "चला, निदान फुकट तरी आहे." दुकानांत सगळीकडे सेलच्या पाट्या. एका दुकानदाराने विचारलं, कुठून आलात? भारतातून म्हटल्यावर तो काचेबाहेर बघत म्हणाला, तुमच्याकडे मॉन्सून असतो ना?

नॉर्दर्न लाइट्ससाठी चार रात्री कानटोपी घालून डेकवर उभा राहिलो. सप्टेंबरात अंधार पुरेसा असतो, ते खरंच. पण वर ढग असतील तर ते दिवे लागोत नाहीतर विझोत, खालून काय दिसणार? त्यासाठी जायचं ते आत, फेअरबँक्सकडे. जहाजावरून दिसले तर दैव बलवत्तर. जूनमध्ये तर विषयच नाही, जुनोला तेव्हा दिवस अठरा तासांहून मोठा असतो.

परत आल्यावर साहेबांना फोन केला. तीन दिवस उचलला नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा मात्र दिसत होत्या. चौथ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला: "काका, निसर्ग आहे, आपल्या हातात काय असतं?" निसर्ग तुमच्या हातात नव्हता, साहेब, कॅलेंडर होतं. हेलिकॉप्टरवाल्यांनी पैसे पूर्ण परत केले होते. यांनी मधल्या मध्ये सर्व्हिस चार्ज म्हणून दहा टक्के कापून घेतले. न झालेल्या उड्डाणाची सर्व्हिस!

आता तुम्ही जाणार असाल तर मी काय सांगेन?

पहिलं म्हणजे, काय बघायचं आहे ते आधी ठरवा, मग महिना. कोरडं हवामान आणि डोंगरांवर बर्फ हवं असेल तर मेची अखेर किंवा जूनचा पूर्वार्ध. मेच्या सुरुवातीला पायवाटांवर बर्फ असतं आणि काही अरुंद खाड्यांत तरंगत्या बर्फामुळे जहाज कधी कधी हिमनदीपर्यंत पोचतच नाही. सामन, त्यामागे येणारी अस्वलं आणि त्यातल्या त्यात उबदार हवा हवी असेल तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य. गर्दी होईल, पैसे जास्त जातील, आत डेनालीकडे जाणार असाल तर डास फोडून काढतील. पण फायरवीड गुलाबी असेल. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईकडे जातात आणि उन्हाळाभर इकडे चरतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट निर्धास्त. आम्हालाही दोन शेपट्या दिसल्या, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबर सगळाच वाईट नाही, हे लिहिताना हात जड होतो. महिन्याच्या सुरुवातीला टुंड्रा लाल-पिवळा होतो. सीलच्या पिल्लांसाठी 1 मे ते 31 ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंद असलेली जॉन्स हॉपकिन्सची खाडी उघडते. तिथे जाऊ म्हणून आमच्या कॅप्टननेही जाहीर केलं होतं. धुक्यामुळे गेलो नाही.

दुसरं, व्हिसा. जहाज सिॲटलहून सुटून सिॲटललाच येतं, मग कॅनडाचा व्हिसा कशाला, असं साहेबांचं म्हणणं होतं. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, 1886 चा अमेरिकी कायदा आहे. म्हणून शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया येतं. लेकीने हट्ट धरला म्हणून आम्ही व्हिसा काढला, नाहीतर सिॲटलच्या धक्क्यावरून टाटा करत बसलो असतो. अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, बघून घ्या.

बाकी नेहमीचंच. छत्री नको, टोपीचा चांगला रेनकोट घ्या, कपडे थरांत घाला, विमा काढा, गुडघ्यांच्या गोळ्या विसरू नका. आपलं जहाज ग्लेशिअर बेमध्ये जातं की नाही हे लेखी घ्या, सगळी जात नाहीत. जमिनीवरच्या सहली शक्यतो स्वतः बुक करा. आणि कोणीही फोटो दाखवला की आधी विचारा, कोणत्या महिन्यातला?

परवा साहेबांच्या ऑफिसवरून गेलो. काचेवर नवं माहितीपत्रक लावलं आहे. फोटो तोच, फुलं तशीच निम्म्यापर्यंत, आणि खाली ठळक अक्षरांत: 'अलास्का – सप्टेंबर स्पेशल'.