खरिपाआधी ट्रॅक्टरचे ऑईल प्रेशर तपासा

क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो. तो टिकला की धातूला धातू घासत नाही. ऑईल पंप चेंबरमधले ऑईल जाळीतून ओढतो आणि फिल्टरमधून गाळून या फटींत दाबाने सोडतो. दाब किती राहील हे मात्र एकट्या पंपावर ठरत नाही. ऑईल किती घट्ट आहे, इंजिन किती फेऱ्यांनी फिरते आणि झिजेमुळे फटी किती रुंदावल्या आहेत, यावरही तो अवलंबून असतो.

म्हणूनच सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काटा वर चढतो आणि दुपारी नांगरटीत इंजिन तापले की खाली येतो. गरम इंजिनात कामाच्या रेसवर साधारण २ ते ४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि कमी रेसवर १ किलोच्या आसपास दाब बहुतेक डिझेल ट्रॅक्टरांत असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतला धरावा. तापलेल्या इंजिनात कमी रेसवर काटा थोडा उतरला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रेस वाढवूनही तो चढत नसेल, तर मात्र बिघाड आहे.

अनेक ट्रॅक्टरांवर काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी देऊनही लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा सेन्सर तपासून घ्यावा; बंद पडलेला दिवा सर्वांत धोकादायक, कारण तो सगळे ठीक असल्याचा भास देतो. चालू कामात दिवा लागला तर तास पुरा करण्याचा मोह टाळून इंजिन तिथेच बंद करावे. दाब नसताना काही मिनिटांतच बेअरिंग जळते, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकला तर वाफसा हातचा जातो.

त्यानंतर सपाट जागी, थोडा वेळ थांबून डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असेल तर ऑईल भरून गळती शोधावी. पातळी वाढलेली दिसली, ऑईल पातळ झाले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल किंवा डिझेल पंपातून गळती होत आहे. दुधाळ रंग आला तर पाणी शिरले आहे. अशा ऑईलवर इंजिन चालवू नये. पातळी आणि रंग ठीक असूनही दाब नसेल, तर जाळी तुंबणे, प्रेशर व्हॉल्व्ह अडकणे, पंप किंवा बेअरिंग झिजणे यांपैकी काहीतरी असते. इंजिन खोलण्याआधी मिस्त्रीकडून वेगळा प्रेशर गेज लावून खात्री करावी. कित्येकदा दोष फक्त सेन्सरचा निघतो.

झिजलेल्या इंजिनात जाड ऑईल ओतून दिवा विझवण्याची सवय गावोगाव दिसते. त्याने काटा वर जातो, पण थंड इंजिन सुरू करताना ते घट्ट ऑईल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढतच राहते. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड वापरावा. उन्हाळी नांगरटीच्या धुळीत काम झाले असेल, तर ठरलेले तास भरत आले की पेरणीची वाट न पाहता मृगाआधीच ऑईल व फिल्टर दोन्ही बदलावेत आणि एअर क्लीनरही साफ करावा. ऑईल बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये. नवा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो.