घरातला कचरा आणि घरातली मुले

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची एक गोष्ट आधी सांगतो. ती आमच्या चुकीची आहे.

एका वर्षी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात तीन डबे ठेवले. एक ओल्या कचऱ्याचा, एक सुक्या कचऱ्याचा, आणि एक ब्लेड, फुटकी काच, जुने सेल यांचा. प्रभातफेरी काढली. फळ्यावर सुविचार लिहिला. मुले मोठ्या हौसेने कचरा वेगळा टाकू लागली. केळ्याचे साल चुकून सुक्या डब्यात पडले, तर पोरे आत हात घालून ते बाहेर काढीत. आठ-दहा दिवस छान गेले. मग चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, शिपाईकाका तिन्ही डबे मागच्या एकाच खड्ड्यात ओततात. आणि पेटवून देतात. मी बघितलं."

खरे होते ते. शिपायाला तसे आम्हीच सांगितले होते. डबे भरल्यावर त्यांतल्या वस्तूंचे पुढे काय करायचे, याचा विचारच आम्ही केला नव्हता. त्या मुलाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. "बघू" म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मुले हाताशी येईल त्या डब्यात सगळा कचरा टाकू लागली. आम्ही रागावलो नाही. रागवायला तोंडच नव्हते.

तेव्हापासून आमचे एक मत झाले आहे. 'कचरा वेगळा कर' असे मुलाला शंभर वेळा सांगून काही होत नाही. वेगळी ठेवलेली वस्तू पुढे कुठे जाते आणि कोणाच्या हातात पडते, हे त्याला एकदा डोळ्यांनी दाखवावे. मग फार सांगावे लागत नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, वस्तू वाया घालवू नये हे आम्हांला काय शिकवता?" बरोबर आहे. ते तुम्हीच आम्हांला शिकवावे. तुमच्या घरी आईचे जुने लुगडे टाकून देत नव्हते. त्याची गोधडी होई. गोधडी विरली की पायपुसणे होई. शेवटची चिंधी चुलीवरची भांडी उतरवायला. बोहारीण दारात येई आणि जुन्या कपड्यांवर भांडे देई, तेही घासाघीस करून. तेलाच्या रिकाम्या डब्यात धान्य राही, नाहीतर तुळस लागे. भाजीची देठे गाईपुढे जात. उरलेले उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्याआधी शेतात पडे. कचरा म्हणून राहतच नसे.

मग आता काय बदलले? उकिरड्यावर जाणारी वस्तू बदलली. पूर्वी जे टाकले ते कुजत होते. आता टाकतो त्यातले पुष्कळसे कुजत नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारने 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरी वेष्टने, पाकिटे, बाटल्या, पुड्या घरात येतातच.

ओला कचरा वेगळा का ठेवायचा, ते आधी पाहू. भाजीचा चिखल रद्दीवर सांडला की ती रद्दी कोणी घेत नाही. चांगली वस्तू फुकट जाते. दुसरे कारण याहून मोठे आहे. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला, त्याला हवा लागली नाही, की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. तो पेट घेतो. मुंबईत देवनारला कचऱ्याचे मोठे मैदान आहे. तिथे 1927 सालापासून कचरा टाकत आले. जानेवारी 2016 मध्ये त्या डोंगराला आग लागली. धूर दिवसेंदिवस राहिला. आसपासच्या वस्त्यांतल्या लेकरांना श्वास घेणे मुश्किल झाले. त्याच साली केंद्र सरकारने नियम काढले की घराघरातूनच कचरा वेगळा करून द्यावा.

पण मुलांना देवनार सांगू नका. ते दूर आहे. त्यांना कुंडी दाखवा.

आमच्या नातवाला आम्ही असेच दाखवले. मातीच्या एका कुंडीत तीन ठिकाणी तीन वस्तू पुरल्या. केळ्याचे साल, वर्तमानपत्राचा तुकडा आणि वेफर्सचे रिकामे पाकीट. प्रत्येकावर एक काडी खोचली. रोज थोडे पाणी घालायचे आणि दोन महिने उकरायचे नाही, असे ठरले. चिरंजीवांनी चौथ्या दिवशीच उकरले! पुन्हा आठव्या दिवशी. शेवटी कुंडी त्याच्या आजीच्या ताब्यात द्यावी लागली.

दोन महिन्यांनी उकरले. साल सापडलेच नाही. तिथली माती तेवढी काळी आणि भुसभुशीत झाली होती. कागद बोटाने दाबताच तुटला. पाकीट मात्र जसेच्या तसे. नातवाने ते नळाखाली धुतले आणि त्यावरची किंमत वाचली. पाच रुपये. मग म्हणाला, "आजोबा, हे अजून किती दिवस असं राहील?" आम्ही म्हणालो, "तू आमच्याएवढा म्हातारा होशील, तरी राहील." तो बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत बसला. त्या दिवसापासून त्याने वेफर्स सोडले असे नाही हो. पण पाकीट रस्त्यावर टाकत नाही.

हा प्रयोग कोणालाही करता येतो. खर्च काही नाही. त्यातूनच पुढे खताची बादली सुरू करावी. जुनी फुटकी बादली घ्या. तळाला आणि कडेला खिळ्याने भोके पाडा. खाली वाळका पालापाचोळा घाला, त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा. पुन्हा पालापाचोळा. मूठभर माती किंवा शेणखत. आठवड्यातून एकदा काठीने खालवर करा. वास आला तर समजा की पाणी फार झाले. वाळका पाला वाढवा. मीठ-तेलाचे उष्टे आणि मटणाची हाडे यात घालू नयेत. मुंग्या, उंदीर येतात. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. ते मुलाच्या हातानेच झाडाला घालवावे.

मोठे अंगण असेल तर नाडेपचे टाके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही रीत काढली, म्हणून त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून 'नाडेप'. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि विटांच्या मध्ये हवेसाठी भोके. त्यात शेण थोडे आणि काडीकचरा जास्त लागतो.

काही जण आम्हांला म्हणतात, "आम्ही वेगळा करतो, पण घंटागाडीवाला सगळं एकाच ढिगात टाकतो. मग कशाला करायचं?" हे मुलांच्याही लक्षात येते, आमच्या त्या चौथीतल्या मुलासारखे. अशा गावात ओले बादलीत जिरवावे आणि सुके घरी साठवून भंगारवाल्याला विकावे. मग घंटागाडीत टाकायला फारसे उरतच नाही. आणि गाडीवर तक्रार करायची तर नगरपालिकेला अर्ज लिहावा. आता तुम्हांला लिहिता येते.

सुक्या कचऱ्यासाठी घरात एक पोते पुरते. दुधाची पिशवी कापून धुवावी आणि दोरीवर वाळत घालावी. हे काम मुलांना आवडते. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नये, त्याला लटकताच ठेवावा. एवढासा तुकडा कोणी वेचत नाही.

पोते भरले की मुलाला बरोबर घेऊन भंगारच्या दुकानात जावे. तिथे त्याला दुकानदारालाच विचारू द्यावे, "काका, याचं पुढं काय होतं?" काच भट्टीत वितळते आणि पुन्हा बाटली होते, कितीही वेळा. कागदाचा लगदा होतो. पण दर खेपेला त्याचा धागा आखूड होतो, म्हणून वहीच्या कागदाचा पुढे पुठ्ठा होतो. पाण्याच्या बाटलीचा धागा निघतो आणि त्याचे कापड विणतात. ॲल्युमिनियमची तर गंमत आहे. खाणीतल्या दगडापासून ते नवीन काढायला जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात जुने पातेले वितळून पुन्हा धातू मिळतो. म्हणून भंगारवाला पातेल्याला चांगला भाव देतो. आणि वेफर्सचे पाकीट? ते तो हातात धरत नाही. त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर चिकटलेले असतात, ते सहज सुटत नाहीत.

निवृत्त झाल्यावर आम्ही संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेतो. तिथल्या एका बाईंनी आपल्या सहावीतल्या मुलीबरोबर रद्दीची वही घातली आहे. पोते विकायच्या आधी त्या वाण्याकडे वजन करून घेतात. वहीतले एक पान असे होते:

रद्दी, 4 किलो 500 ग्रॅम, दर 12 रुपये, एकूण 54 रुपये.
बाटल्या, 1 किलो, दर 15 रुपये, एकूण 15 रुपये.
पत्रा, अर्धा किलो, दर 20 रुपये, एकूण 10 रुपये.

भंगारवाला म्हणाला, "ताई, सगळ्याचे मिळून सत्तर." मुलगी वही उघडून म्हणाली, "काका, एकोणऐंशी होतात." त्याने पुन्हा हिशेब केला आणि एकोणऐंशी दिले. भंगारवाल्याला चोर समजू नये. तोही दिवसभर उन्हातान्हात हातगाडी ओढतो. पण हिशेब तो हिशेब. या बाई गेल्या वर्षापर्यंत अंगठा लावत होत्या. वहीतले आकडे त्यांच्या हातचे आहेत. बेरीज मुलीची.

पैसे मुलांना द्यावे का? आमचे मत विचाराल तर, वस्तूमागे पैसे देऊ नयेत. आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या वडिलांनी एका बाटलीला एक रुपया कबूल केला. त्याने मोरीत तेलाची अर्धी भरलेली बाटली ओतून रिकामी केली. पैसे घरात जमा करावेत आणि त्याचे काय आणायचे हे मुलांना विचारून ठरवावे.

आता तिसऱ्या डब्याकडे येतो. ब्लेड, सुया, फुटकी काच, सेल, जुनी औषधे, आणि ट्यूबलाइट, कारण तिच्यात पारा असतो. इथे आम्हांला आमच्या शाळेची उरलेली गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. तिची आई कचरा वेचून पोट भरत असे. मुले तिला त्यावरून चिडवीत. तिच्या शेजारी बसत नसत. दर वर्षी 23 फेब्रुवारीला आम्ही गाडगेबाबांची गोष्ट सांगत होतो. बाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत, हे त्याच मुलांना तोंडपाठ होते. परीक्षेत लिहीतही होती. आम्ही एकदा-दोनदा दटावले आणि सोडून दिले. ते आमचे चुकलेच. मग ती मुलगी आठ दिवस आली नाही. निरोप पाठवला तेव्हा कळले, आईचा हात कापला आहे. कोणीतरी भाजीच्या कचऱ्यात दाढीचे ब्लेड टाकले होते. जखम चिघळली. मुलगी आईच्या जागी पोते घेऊन जात होती.

पुण्यात अशा कष्टकऱ्यांनी 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्यातून 2008 साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घरोघर जाऊन कचरा घेऊ लागले. आमच्या लहान गावात तसे काही नव्हते. आम्हांला जे सुचले ते केले. हात बरा झाल्यावर त्या बाईंना शाळेत बोलावले. त्या यायला तयार नव्हत्या. "माझं काय काम तिथं, गुरुजी?" म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "शिकवायचं काम आहे."

शाळेचा एका दिवसाचा कचरा आम्ही जुन्या सतरंजीवर ओतला. बाई खाली बसल्या. हां हां म्हणता सहा ढीग झाले. पिशवी हातात घेऊन कानाशी चुरगाळत आणि आवाजावरून कुठले प्लॅस्टिक ते सांगत. मुले जवळ सरकली. खड्ड्याबद्दल विचारणारा तो चौथीतला मुलगा सगळ्यांत पुढे होता. त्याने विचारले, "मावशी, हाताला काय झालं?" बाईंनी तळवा उघडून दाखवला. कोणी बोलले नाही.

त्या दिवसापासून शाळेचा खड्डा बंद केला. सुके त्या बाई नेऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने घरून एक पुडी आणली. वडिलांचे ब्लेड जाड पुठ्ठ्यात गुंडाळले होते, वर दोरा बांधला होता आणि पेनाने लिहिले होते, 'मावशी, जपून. आत ब्लेड आहे.' बाईंनी पुडी उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "बाळा, मला वाचता येत नाही. लाल खूण कर."

मग मुलांनी घरोघर हेच सांगितले. काच असो की ब्लेड, वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळायचे, बांधायचे आणि वर लाल खूण करायची. खूण मोठी करावी. त्या पहाटे निघतात आणि तेव्हा उजेड कमी असतो.